दोन चष्म्यांचा टीव्ही

ट्वुमासी मास्तरांनी थ्री-डी टीव्ही आणला तो फुटबॉल बघायला, असं अख्ख्या आसोक्वा मोहल्ल्यात आजही सांगतात. साफ खोटं आहे. फुटबॉल मास्तर जुन्या टीव्हीवरही बघत होते आणि हरल्यावर त्याच टीव्हीला शिव्याही देत होते. नवा टीव्ही त्यांनी आणला तो एवढ्यासाठी, की मुलीच्या मागणीच्या दिवशी आपल्यालाही कुणीतरी काहीतरी विचारावं.

घानात आमच्या कुमासीकडची रीत अशी की मूल आईच्या कुळाचं. बापानं नाव द्यायचं, फी भरायची, ताप आला की पोराला खांद्यावर घालून दवाखान्यात पळायचं. पण मुलगी कुणाला द्यायची, हे ठरवणार मामा. मास्तरांची एकुलती एक डुफी. तिला मागायला समुद्रकाठच्या केप कोस्टची मंडळी येणार, हे ठरलं तेव्हापासून घरात मामाची खुर्ची कुठे, मामाचा गालिचा कोणता, मामाला रस्सा तिखट चालेल का, एवढीच चर्चा. एकदा मास्तरांनी हळूच विचारलं, "आणि मी कुठे बसू?"

मास्तरांच्या पत्नी बिरागोबाई भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "बसा की दाराजवळ. हवा येते तिथे."

चोवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या, उपमुख्याध्यापक झालेल्या माणसाला हे ऐकवायचं!  पण त्याच आठवड्यात हॅम्बुर्गला असलेल्या धाकट्या भावाचा, आडुसेचा, फोन आला की इकडे एक नवा टीव्ही निघालाय, त्यात माणसं पडद्यातून बाहेर येतात, आता घरोघरी हाच असणार, सिनेमाची थिएटरं बंद पडणार. मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असा टीव्ही हॉलमध्ये असला तर मामा विचारतील, "मास्तर, हे कसं चालतं?" व्याही विचारतील, "मास्तर, हे कुठून आणलंत?" सगळ्यांच्या माना दाराकडे वळतील. बास. माणसाला आणखी काय हवं असतं?

टीव्ही जहाजातून बंदरावर आला आणि तिथेच रुतला. बंदरावरच्या साहेबानं खोकं उघडलं, आत डोकावून दोन काळे चष्मे बाहेर काढले आणि मास्तरांकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी हस्तिदंत लपवून आणलं होतं.

"हे कुणाचे?"

"टीव्हीचे."

"टीव्हीचे? टीव्हीची दृष्टी अधू आहे का?"

"तसं नाही साहेब. ते घालून टीव्ही बघायचा."

"म्हणजे बघणाऱ्याची अधू. डोळ्यांचं सामान आहे हे. डॉक्टरचं पत्र आणा."

मास्तरांनी त्याला दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं कशी दिसतात, ती मेंदूत एक कशी होतात, हे पुठ्ठ्यावर आकृती काढून समजावलं. साहेब कौतुकानं ऐकत होता. शेवटी म्हणाला, "छान शिकवता. पत्र आणा."

सहा तास बसचा प्रवास करून मास्तर कुमासीला परत आले. डोळ्यांच्या डॉक्टरनं त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवलं, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली आणि पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं, की सदर चष्म्यांचा उपयोग मला समजला नाही, परंतु श्री. ट्वुमासी यांचा नंबर वाढलेला असून त्यांना तातडीनं चष्म्याची गरज आहे. साहेबानं ते पत्र वाचून मान डोलावली, शिक्का मारला आणि वर सहानुभूतीनं म्हणाला, "काळजी घ्या हं." अशा रीतीनं मास्तर जगातला सर्वात आधुनिक टीव्ही घेऊन आंधळा म्हणून घरी आले.

टीव्ही भिंतीवर चढला त्या दिवशी पहिली सल्लागार हजर झाली ती पोमा मावशी. पोमा मावशी त्याच आवारात पलीकडच्या दोन खोल्यांत राहते, शिवणकाम करते आणि फुकट मत देते. तिनं भिंत ठोकून पाहिली. "भिंत झोपेल," म्हणाली. मग "झाकून ठेवा, दृष्ट लागते," म्हणाली. मग चष्मा घालून बसली. टीव्हीबरोबर एक तबकडी फुकट आली होती, तिच्यात फक्त मासे होते. एक लठ्ठ मासा पडद्यातून निघून थेट तिच्या नाकाशी आला.

"अगं बाई गं!" मावशीनं त्याला पकडायला हात घातला. "हा तर बाजारातल्यापेक्षा ताजा!"

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण मावशी एकटी खूश होऊन गप्प बसणारी नव्हे. ती धावत गेली आणि आवारातले सगळे भाडेकरू घेऊन आली. एकोणीस माणसं आणि चष्मे दोन. रांग लागली. प्रत्येकाला अर्धं मिनिट. ज्याच्या डोळ्यांवर चष्मा तो "हो हो हो" करून ओरडायचा, आणि बाकीचे सतरा जण त्याच्याकडे बघत "काय? काय? काय?" करायचे. चष्मा नसला तर पडद्यावर प्रत्येक माशाला जुळा भाऊ आणि दोघेही पुसट.

जाताना पोमा मावशी म्हणाली, "मास्तर, रागावू नका. पण ह्यात एक खोट आहे. आपण टीव्ही कशाला बघतो? सगळ्यांनी मिळून ओरडायला. ह्यात सगळ्यांना एकदम ओरडता येत नाही."

मास्तर मनातल्या मनात हसले. शिवणकाम करणाऱ्या बाईला तंत्रज्ञानातलं काय कळणार! पुढे चार-सहा वर्षांत कंपन्यांनी ते टीव्ही बनवणंच सोडून दिलं, जगभरच्या जाणकारांनी त्यावर जाडजूड अहवाल लिहिले, आणि त्या अहवालांत पोमा मावशीनं उंबऱ्यावर उभं राहून सांगितलं त्यापेक्षा फार वेगळं काही नव्हतं. असो.

मास्तरांनी आडुसेला फोन करून आणखी दहा चष्मे पाठवायला सांगितलं. आडुसे म्हणाला, "दादा, एका चष्म्याच्या किमतीत तिकडे एक शेळी येईल."

हे ऐकत असलेल्या बिरागोबाई म्हणाल्या, "मग शेळीच आणू. पाहुण्यांना चष्मा खाता येत नाही." आणि त्यांनी शेळी आणली.

आता तारखेचं. मागणीची तारीख दोन्ही घरांनी मे महिन्यातच ठरवली होती, जूनचा शेवटचा शनिवार, दुपारी चार. तेव्हा कुणाला स्वप्न पडलं होतं, की आपली पोरं, ब्लॅक स्टार्स, वर्ल्ड कपमध्ये पुढच्या फेरीत जातील आणि बरोबर त्याच शनिवारी संध्याकाळी साडेसहाला अमेरिकेशी भिडतील? सगळ्या कुमासीनं लग्नं, बारशी, अगदी मयताचे विधीही पुढे ढकलले. पण आग्येई मामा ढिम्म. आग्येई मामा म्हणजे बिरागोबाईंचा थोरला भाऊ, कुळाचा प्रमुख, वय पंचाहत्तर, आणि स्वभाव जुन्या कुलुपासारखा. "तारीख पूर्वजांना सांगून झालीय," ते म्हणाले. "त्यांना काय कळवू? की चेंडूमुळे थांबा?"

मास्तरांना मात्र ही देवाची करणी वाटली. नवा टीव्ही, त्यात हा सामना! शुक्रवारी त्यांनी जुना टीव्ही शाळेच्या शिक्षक-खोलीला भाषण करून दान केला. मग घरी येऊन नव्याचा रिमोट हातात घेतला. सामना काही थ्री-डीत येणार नव्हता, पण आडुसेनं सांगितलं होतं, की एक बटण दाबलं की टीव्ही साध्या चित्राचंही थ्री-डी करतो. अडचण एवढीच होती, की टीव्ही हॅम्बुर्गचा, त्यामुळे पडद्यावर उमटणारा प्रत्येक शब्द जर्मन. मास्तर अर्धा तास दिसेल ते बटण दाबत राहिले. शेवटी चित्र दुभंगलं. चष्मा घातला तर बातम्या देणारी बाई टेबलासकट हॉलमध्ये आली! मास्तरांनी रिमोट कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिला आणि घरच्यांना सांगितलं, "आता कुणी हात लावायचा नाही." हे परत साधं कसं करायचं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मोठ्या शोधांच्या वेळी असे किरकोळ प्रश्न कुणालाच पडत नाहीत.

चारची वेळ दिलेली केप कोस्टची मंडळी पावणेसहाला आली. उजवीकडून सुरुवात करून सगळ्यांशी हस्तांदोलन झालं. हॉलमध्ये बारा भाड्याच्या खुर्च्या, मध्ये मेज. मुलाचे मामा एसिल्फी पुढे बसले. बंदरावर कारकुनी करून निवृत्त झालेले, खांद्यावरून उंची कापड, नाकावर सोनेरी काडीचा चष्मा आणि बोलण्यात दर चौथा शब्द इंग्रजी. त्यांच्या मागे मुलगा, एबो. मोबाईलच्या टॉवरवर चढून यंत्रं दुरुस्त करायचा. चांगला उंचपुरा, हसरा पोरगा. पण रीत अशी, की मागणीच्या दिवशी मुलानं तोंड उघडायचं नाही. मान खाली, हात मांडीवर. मुलीकडून होकार मिळेपर्यंत त्याचं सगळं बोलणं थोरल्यांनी करायचं.

आणि थोरल्यांनीही थेट बोलायचं नाही. दोन्ही बाजूंचा एकेक 'ओच्यामे' असतो, म्हणजे थोरल्यांचं तोंड. थोरले त्याच्या कानात सांगणार, तो खड्या आवाजात, शब्दांना दागिने घालून ते समोरच्यांना सांगणार. केप कोस्टवाल्यांचा ओच्यामे नेमका मलेरियानं अंथरुणात. तेव्हा इकडचा नुआमा दोन्ही बाजूंनी बोलायला तयार झाला. गडी कसलेला! मेजाच्या त्या बाजूला जाऊन म्हणाला, "आम्ही रस्त्यानं चाललो होतो, तुमच्या बागेत एक सुंदर फूल दिसलं." मग चार पावलं चालून ह्या बाजूला आला आणि स्वतःलाच म्हणाला, "बागेत फुलं पुष्कळ आहेत. कोणतं म्हणता?" परत तिकडे. परत इकडे. एकदा तर तो स्वतःच्याच प्रश्नावर नाराज झाला. पाहुण्यांनी आणलेल्या श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या मेजावर आल्या. त्या स्वीकारल्या की दार उघडलं असं समजायचं. ह्या सगळ्यात मास्तर दाराजवळच्या खुर्चीत बसून हवा खात होते.

नुआमा असा येरझाऱ्या घालत असताना साडेसहा वाजले. पोमा मावशीच्या अंगणातून भोंग्यांचा गदारोळ उठला. एसिल्फी खुर्चीत चुळबुळले. आग्येई मामांनी कान टवकारले. पूर्वजांनाही त्या क्षणी चुळबुळ झाली असावी, कारण मामा खाकरले आणि नुआमाच्या कानाशी लागले.

नुआमानं जाहीर केलं, "मामा म्हणतात, एवढा लांबचा प्रवास करून पाहुणे आलेत. मुलीला विचारायचं ते विचारूच. पण देशाची पोरं मैदानात उभी असताना घरात पाठ करून बसणं बरं दिसत नाही."

हाच तो क्षण! मास्तर ताडकन उठले, पडदा झाकणारं कापड ओढलं आणि टीव्ही लावला. सगळ्यांनी डोळे किलकिले केले. पडद्यावर चव्वेचाळीस खेळाडू, दोन चेंडू आणि धुकं.

"बिघडलाय," एसिल्फी म्हणाले.

"बिघडलेला नाही," मास्तर अभिमानानं म्हणाले आणि दोन चष्मे तबकात ठेवून पुढे केले. एक मामांना, एक पाहुण्यांच्या प्रमुखांना. दुसरा मार्गच नव्हता. मामांना सोडून मास्तरांनी स्वतः चष्मा घातला असता, तर मागणी तिथेच मोडली असती. मामांनी चष्मा उलटसुलट केला, त्यात काडीवरचं बटण आपोआप दाबलं गेलं, मग तो घातला. मास्तर श्वास रोखून वाट बघत होते. आता विचारतील. आता विचारतील, "मास्तर, हे कसं चालतं?"

मामांनी काही विचारलं नाही. ते नुआमाच्या कानाशी लागले. कारण रीत ती रीत.

"मामा म्हणतात," नुआमा खड्या आवाजात म्हणाला, "की आमच्या एका पोरानं, ज्याच्या आईला असे पुत्र उदंड होवोत, चेंडू पायात घेतला असून..."

तेवढ्यात मावशीच्या अंगणात बॉम्ब फुटल्यासारखा आरडाओरडा झाला. तिचा जुना टीव्ही छपरावरच्या काठीला बांधलेल्या अँटेनावर चालायचा, त्यामुळे तिच्याकडे सगळं मास्तरांच्या डिशच्या दोन सेकंद आधी घडायचं.

"गोल झाला वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"अजून नाही," चष्म्यातून मामा म्हणाले. मग दचकले. "आता झाला."

"मामा म्हणतात," नुआमानं सुरुवात केली, आणि तो गोल पूर्ण मानमरातबासह सांगून होईपर्यंत खेळ बराच पुढे गेला होता. आनंद करायची वेळ टळून गेली होती. सगळ्यांनी खालच्या पट्टीत टाळ्या वाजवल्या.

टीव्हीचा आवाज तरी ऐकावा, तर त्याचे स्पीकर पाठीमागे. जे काही बोलणं व्हायचं ते भिंतीशी. शिवाय मैदानावरचे भोंगे. एसिल्फीही नुआमाला बोलावून सांगू लागले आणि पंचाईत आणखी वाढली, कारण दोन्ही थोरल्यांचं एकमत होईना. मामा म्हणत चेंडू आपल्याकडे आहे, एसिल्फी म्हणत "नो, नो, अमेरिकेकडे आहे." नुआमा बिचारा म्हणायचा, "चेंडू सध्या चर्चेत आहे."

ह्या सगळ्या वेळात मागे बसलेला एबो खुर्चीतल्या खुर्चीत वळवळत होता. एकदा त्यानं कपाटाच्या माथ्याकडे बोट दाखवलं. एसिल्फींनी मागे न बघता त्याच्या हातावर चापट मारली. दुसऱ्यांदा त्यानं घसा खाकरला. "पाणी द्या त्याला," बिरागोबाई म्हणाल्या. पाणी पिऊन पोरगा पुन्हा मान खाली घालून बसला.

पहिला अर्धा भाग संपत आला आणि अमेरिकेच्या कुणा दांडगटानं चेंडू हाणला. तो पडद्यातून निघून थेट मामांच्या कपाळावर आला. पंचाहत्तर वर्षांच्या मामांनी तरुणाला लाजवेल अशी बुडी मारली. त्यांचा हात मेजावर आपटला, आणि श्नॅप्सची एक बाटली फरशीवर पडून तिच्या ठिकऱ्या झाल्या.

 दारूचा वास दरवळला. डुफी आतल्या दारात पडद्याआड उभी होती, तिनं तोंडावर हात दाबला.

नुआमा प्रसंगावधानी. "पूर्वजांनी आपला वाटा आधी घेतला!" तो म्हणाला.

"पूर्वजांना वाटा ओतून देतात," एसिल्फी थंडपणे म्हणाले. "अंगावर चेंडू आला म्हणून सांडत नाहीत. ही आमची बाटली होती."

"काठावर कुणी ठेवली?" मामा गरजले. ह्या वेळी थेट, मध्ये कुणी नाही!

"आमच्याकडे मागणीला गेलं तर माणसांना जादूचे चष्मे घालत नाहीत."

"तुमच्याकडे चारला या म्हटलं तर किती वाजता येतात?"

बोलता बोलता मामांना भोवळ आली. आधीच त्या चष्म्यानं त्यांना बोटीत बसल्यासारखं होत होतं. त्यांनी चष्मा काढून मास्तरांच्या मांडीवर फेकला. "तुझा टीव्ही, तुझा चष्मा, आता तूच बघ! मुलीचा बाप म्हणे! दाराशी गप्प बसायचं एक काम होतं, तेही झालं नाही."

मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बायकोकडे बघायची हिंमत नव्हती. डुफीकडे तर नाहीच. वीज गेली असती तरी चाललं असतं. एरवी दिवसाआड जाणारी वीज त्या दिवशी इमानदारीनं हजर होती. दोष द्यायला दुसरं कुणी सापडेना, म्हणून मास्तरांनी नुसताच तो चष्मा डोळ्यांवर चढवला. निदान रडू आलं तर दिसणार नाही.

मध्यंतर रुसव्यात गेलं. बिरागोबाईंनी शेळीचा रस्सा आणि त्यात बुडवून खायचं मऊ फुफू वाढलं. केप कोस्टची माणसं कितीही रागावली तरी जेवणावर राग काढत नाहीत, म्हणून तेवढा वेळ निभावला. पण हात धुऊन एसिल्फी उठले, कापड खांद्यावर सारखं केलं आणि म्हणाले, "चला. एका बाटलीवर मागणी होत नाही. पुन्हा कधी बघू." एबोचा चेहरा पडला. मंडळी दाराशी पोचली.

तेवढ्यात मावशीच्या अंगणातून असा आक्रोश आला, की एसिल्फींचा उंबऱ्याबाहेर पडलेला पाय हवेतच राहिला.

"काय झालं?" ते वळून म्हणाले. "मास्तर! काय झालं?"

मास्तरांना आधी समजलंच नाही की विचारतायत ते आपल्याला. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "पेनल्टी," ते कसंबसं म्हणाले. "अमेरिकेला."

"कोण मारतंय? आपला गोलकीपर कुठे आहे?"

मास्तर चोवीस वर्षं भूगोलाचे. घाबरलेला माणूस सवयीच्या रस्त्यानं पळतो. "गोलकीपर पूर्वेला झुकलाय," ते म्हणाले. "चेंडू ईशान्येकडे... खांबाला लागला..."

"वाचलो!"

"आत गेला."

सगळा हॉल हळहळला. एसिल्फी परत आले आणि खुर्चीत बसले. "पुढे?"

आणि मास्तर सुटले. टीव्हीची उजवी बाजू पूर्व धरली, वरची उत्तर. चेंडू नैर्ऋत्येकडून निघाला, मध्य प्रदेश ओलांडला, अमेरिकेनं वायव्येकडून फळी मोडली, आपल्या पोरांनी दक्षिण किनारा धरून ठेवला. सुरुवातीला लोक गोंधळले, मग सगळ्यांच्या माना बरोबर दिशेला वळू लागल्या. एसिल्फींनी अजून नाकावर असलेला काळा चष्मा काढून ठेवला आणि कबूल केलं, की सोनेरी चष्म्यावर हा चष्मा घातल्यानं मघापासून त्यांना काहीही दिसत नव्हतं, आणि तो चालू करायचं बटण असतं हे तर माहीतच नव्हतं. ते मावशीच्या अंगणावरून अंदाज बांधत होते. मामा खो खो हसले. "मलाही दहा मिनिटं आवडलं. पुढे नुसतं डोकं ठणकत होतं. पण उतरवायचा कसा? तुम्ही घालून बसलेले!"

"मीही तेवढ्यासाठीच काढला नाही!"

दोघे थोरले खुर्च्या जोडून बसले. आता कुणी कुणाच्या कानाशी लागत नव्हतं. "मास्तर, आपला कोण पडला?" "मास्तर, वेळ किती राहिला?" "मास्तर, पंच कुठल्या गावचा आहे हो, डोळे फुटलेत का त्याचे?" जगातला सर्वात आधुनिक टीव्ही त्या हॉलमध्ये रेडिओ झाला होता, आणि रेडिओ उभा राहून, हातवारे करत, घामानं निथळत बोलत होता.

जादा वेळ सुरू झाला. तिसऱ्याच मिनिटाला मावशीच्या अंगणात जो कल्लोळ उठला तो वाईट नव्हता हे सगळ्यांना कळलं. हॉलमधल्या साऱ्यांनी मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. मास्तरांना दिसत होतं, उत्तरेला लांबून चेंडू येतोय, आपला पोरगा दोघांना खांद्यानं रेटत धावतोय.

"सांगा की!" मामा ओरडले.

"पश्चिमेकडून... एकटाच... डावा पाय..." आणि मग भूगोल संपला. "गेला! गेला! आत गेला!"

सगळे एकदम ओरडले. एसिल्फींनी मामांना मिठी मारली, नुआमा मेजावर चढला, डुफी पडद्याआडून बाहेर येऊन आईच्या गळ्यात पडली. उरलेला वेळ कसा गेला ते कुणाला आठवत नाही. शिट्टी वाजली तेव्हा मास्तरांच्या घशातून नुसती हवा येत होती.

त्या गडबडीत एबो गुपचूप उठला. कपाटावरचा रिमोट काढून त्यानं एकच बटण दाबलं. पडद्यावरचं धुकं विरलं आणि आपली पोरं झेंडा घेऊन धावताना स्वच्छ दिसू लागली, प्रत्येकी एकच.

सगळ्यांच्या माना एबोकडे वळल्या.

"तुला हे येत होतं?" मामांनी विचारलं. एबोनं मान डोलावली. "केव्हापासून?" एबोनं हात हलवून दाखवलं, अगदी पहिल्यापासून. "मग बोलला का नाहीस, लेका?"

एबोनं आपल्या मामांकडे पाहिलं. एसिल्फींना एकदम आठवलं. "त्याला बोलायची परवानगी नाही ना," ते ओशाळून म्हणाले.

आग्येई मामांनी त्या पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अमेरिकेची मॅच, घाना खेळतंय, आणि हा दोन तास तोंड मिटून बसला," ते म्हणाले. "असला जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. बाटली आणा. एक तर एक."

डुफीला मध्ये उभं केलं. ही बाटली आम्ही स्वीकारावी का, असं मुलीला तीनदा विचारायचं असतं. नुआमानं विचारलं, ती "हो" म्हणाली. दुसऱ्यांदा विचारलं, ती "हो" म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा डुफी थांबली. एबो खुर्चीच्या काठावर सरकला.

"माझ्या बाबांना विचारा," ती म्हणाली.

मामांच्या भुवया वर चढल्या. असं कुणी म्हणत नाही. रीतच नाही तशी. मास्तर दाराजवळच्या खुर्चीला टेकून उभे होते, चष्मा अजून कपाळावर. त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तासभर ह्यांनाच विचारत होतो सगळे," एसिल्फी म्हणाले. "आणखी एकदा विचारायला काय हरकत आहे?"

मामांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं. मग हात हलवला. "विचारा."

मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. घसा पार गेला होता. इतकी वर्षं वाट पाहिली आणि आता विचारलं तेव्हा ही गत! डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मात्र थांबेना.

तेव्हा नुआमा हॉल ओलांडून आला. जो कुळाच्या प्रमुखाशिवाय कुणापुढे वाकत नाही, तो दाराजवळच्या त्या खुर्चीपाशी वाकला आणि त्यानं आपला कान मास्तरांच्या तोंडाशी नेला. मास्तर चार शब्द पुटपुटले. नुआमा सरळ उभा राहिला. साध्या "बसा"चीही पाच मिनिटं करणारा माणूस, पण ह्या वेळी त्यानं एकही दागिना घातला नाही.

"बाप विचारतो," तो म्हणाला, "पोरी, तू खूश आहेस ना?"

डुफी हसत होती आणि रडत होती. "हो, बाबा. खूप."

मास्तरांनी मान हलवली, आणि बाटली उघडली गेली.